गाडी कामाची आहे पण चालवायला मजा नाही: विकायची का ठेवायची, पहिल्यांदाच ठरवणाऱ्यांसाठी

नागपुरात अशी गाडी दर दुसऱ्या घरापुढं उभी दिसते. उंच हॅचबॅक नाहीतर सात सीटवाली, बहुतेक पांढरी नाहीतर सिल्व्हर, सर्व्हिसिंग टायमावर झालेली, आईला गुडघे न दुखता चढता येतं, लग्नसराईत सहा माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन अमरावतीला जाऊन येते, रस्त्यात कधी थांबत नाही. आणि जो चालवतो त्याला तिचा मनापासून कंटाळा आलेला असतो. घरी बोलायची सोय नाही, बोललं की लगेच "काऊन, काय झालं गाडीले?" आता काय सांगणार, काहीच झालं नाही हाच तर प्रॉब्लेम आहे.

ज्यांनी आजवर एकही गाडी विकली नाही त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. माझं मत आधीच सांगून टाकतो, मजा येत नाही हे गाडी विकायचं पुरेसं कारण आहे, त्यासाठी घरच्यांपुढं गाडीत खोट्या खोड्या काढायची गरज नाही. फक्त कंटाळा खरंच गाडीचा आहे का ते आधी पाहायचं, कारण बऱ्याचदा तो म्हाताऱ्या टायरचा असतो नाहीतर संध्याकाळच्या बर्डीच्या (म्हणजे सीताबर्डीच्या) ट्रॅफिकचा असतो, आणि लोक त्यापायी आठ-नऊ लाखाचं कर्ज अंगावर घेतात. आपल्याकडं सगळं उलट्या क्रमानं चालतं, आधी शोरूममध्ये बुकिंग, मग घाईघाईत जुनी एक्स्चेंजमध्ये मिळेल त्या भावात. तसं करू नका.

पायरी १: कंटाळा नेमका कशाचा ते शोधा

रविवारी सकाळी सहाला एकटे गाडी काढा, गाणी बंद. वर्धा रोडनं खापरीच्या पुढं बुटीबोरीपर्यंत जाऊन या, किंवा शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढा आणि पुढच्या एखाद्या इंटरचेंजला उतरून परत फिरा. समृद्धीवर कारला १२० ची लिमिट आहे पण तेवढं पळवायची काही गरज नाही, ८० ते १०० मध्ये गाडीचा स्वभाव बरोबर कळतो. मग त्याच आठवड्यात संध्याकाळी साडेसहाला तीच गाडी घेऊन व्हरायटी चौकातून निघा. दोन्ही वेळेस घरी आल्या आल्या दोन ओळी लिहून ठेवा, मनात ठेवलं की दुसऱ्या दिवशी सगळं "बोअर आहे यार" एवढंच उरतं.

सकाळी छान वाटलं आणि संध्याकाळी जीव नकोसा झाला तर तुमचा राग ट्रॅफिकवर आहे, नवी गाडी घेऊन तो जाणार नाही, पंधरा लाखाच्या गाडीतही व्हरायटी चौकाचा सिग्नल तेवढाच लांब असतो. अशा वेळी ऑफिसचं जाणं-येणं गाडीतून काढून पाहा. मेट्रोच्या खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर अशा दोन्ही लाइन डिसेंबर २०२२ पासून पूर्ण चालू आहेत, सीताबर्डीला बदलता येते, हिंगणा साइडला नोकरी असेल तर लोकमान्य नगर स्टेशन कामाचं आहे. महिनाभर गाडी फक्त सुट्टीला काढली की बऱ्याच जणांचं तिच्याशी पुन्हा जमतं. नाहीच मेट्रो जमत आणि रोजचं क्लचच नकोसं झालं असेल, तर तुम्हाला ऑटोमॅटिक पाहिजे, फास्ट गाडी नाही, हे दोन वेगळे शोध आहेत आणि लोक त्यात गल्लत करतात.

सकाळीही मजा आली नाही तर मग पुढचं लिहा: नेमकं काय खटकतं? "मजा नाही" असं लिहायचं नाही. सीट उंच आहे आणि स्टेअरिंग मांडीवर आल्यासारखं वाटतं, स्टेअरिंग इतकं हलकं की चाकं कुठं आहेत तेच हाताला कळत नाही, उमरेड रोडला ट्रकच्या मागून ओव्हरटेकला निघालो की एसी बंद करावा लागतो, रिंग रोडच्या वळणावर बॉडी झुकते, सिमेंट रोडवर आवाजानं डोकं उठतं. असं एक एक. यातल्या काही गोष्टींवर इलाज आहे आणि काहींवर अजिबात नाही, म्हणून ही यादी लागते.

सीएनजीवाल्यांसाठी एक फुकटची टेस्ट: दोन-तीन दिवस पूर्ण पेट्रोलवर चालवा. सीएनजीवर इंजिनची ताकद कमी पडतेच, त्यात मे महिन्यात ४५ डिग्रीला एसी फुल्ल, गाडीत पाच माणसं, मग छोटं इंजिन बिचारं काय करणार. पेट्रोलवर गाडी मोकळी वाटली तर बाहेरगावी पेट्रोल आणि शहरात गॅस असं ठरवून टाका, विषय मिटला. तसंही आपल्या नागपुरात २०२२ मध्ये सीएनजी किलोला शंभरच्या वर गेलेला लोकांनी पाहिलाय, बचतीचं गणित अधूनमधून पुन्हा मांडून पाहिलेलं बरं.

पायरी २: जे दुरुस्त होऊ शकतं ते आधी करा

ही पायरी लोक सोडतात आणि मला वाटतं हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. पाच-सात वर्षांची गाडी हळूहळू ढिली होते, रोज चालवणाऱ्याला ते कळत नाही, त्याला वाटतं गाडी पहिल्यापासून अशीच होती.

सुरुवात टायरपासून. टायरच्या बाजूवर डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे, २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातलं आहे. रबराला उन्हाचं वय लागतं आणि नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, घरापुढं उघड्यावर उभ्या गाडीचे टायर सहा वर्षांत वाळल्या भाकरीसारखे कडक होतात, नक्षी शाबूत दिसते पण पकड गेलेली असते. मग ब्रेक उशिरा लागल्यासारखे वाटतात, आवाज वाढतो, खड्डा थेट पाठीत येतो. माझ्या ओळखीचा सक्करदऱ्याकडचा एक मेकॅनिक आहे, त्याच्याकडं गाडी विकायची म्हणून दाखवायला आलेल्या माणसाला त्यानं माझ्यासमोर नख टायरवर दाबून दाखवलं, नख रुतेच ना. म्हणे, "भाऊ, गाडी नाही थकली, टायर थकले तुमचे." हॅचबॅकचे चार चांगले टायर साधारण १६ ते २४ हजारात बसतात. समृद्धीवर नेहमी जाणार असाल तर हा खर्च तसाही टाळू नका, तिथं तापलेल्या सिमेंटवर तासन्‌तास एकाच स्पीडनं गाडी पळते आणि जुनं टायर तिथंच फाटतं.

हवा. पंपावरचा पोट्टा विचारतो "कितना डालू" आणि आपण म्हणतो ३५. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर स्टिकर आहे, त्यावर तुमच्या गाडीचा आकडा लिहिलाय, तो टाका, तोही टायर थंड असताना. नुसतं एवढं केल्यावर गाडी धक्के कमी देते असं वाटलं तर हसू नका, खरंच देते.

मग अलाइनमेंट-बॅलन्सिंग, आणि खालून एकदा सस्पेन्शन तपासून घ्या: बुश, लिंक रॉड, स्ट्रट माउंट, शॉकअप. यातलं एखादं गेलं की स्पीड ब्रेकरवर कट-कट आवाज येतो आणि वळणावर गाडी विचार करून वळल्यासारखी वळते. सिग्नलवर उभी असताना सीट आणि आरसा थरथरत असेल तर इंजिन माउंट पाहायला सांगा. क्लच जड झाला असेल, उचल मेलेली असेल तर क्लच प्लेट, स्पार्क प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई. एसी कमी वाटत असेल तर गॅस भरायच्या आधी केबिन फिल्टर काढून पाहायला लावा, धुळीचा गोळा निघतो कधी कधी.

मर्यादा ठेवा. गाडीच्या आजच्या किमतीच्या सात-आठ टक्क्यांच्या वर या प्रयोगात घालू नका, कारण विकायचं ठरलं तर टायरचे पैसे पूर्ण वसूल होत नाहीत, घेणारा "नवीन टायर आहेत" ऐकून मान हलवतो आणि भाव तोच सांगतो. आणि कृपा करून मजा आणायच्या नावावर रुंद अलॉय, फटफट सायलेन्सर असलं काही लावू नका. गाडी तीच राहते, मायलेज पडतं, चालान येतं, आणि इन्शुरन्सवाल्याला न सांगता बदल केले असतील तर क्लेमच्या वेळी तो बरोबर तिथंच बोट ठेवतो.

हे सगळं करूनही जे उरतं, म्हणजे उंच बसणं, हलकं निर्जीव स्टेअरिंग, छोटं इंजिन, ते गाडीच्या जन्माचं आहे. ते जाणार नाही. आता तुमचा कंटाळा खरा.

पायरी ३: दुसरी गाडी चालवून पाहा, पण नीट

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे दहा मिनिटं, बाजूला सेल्समन बोलून राहिला, एसी १८ वर, गुळगुळीत रस्ता. त्यातून काही कळत नाही. शनिवार-रविवारसाठी सेल्फ ड्राइव्हची गाडी भाड्यानं घ्या, साधारण जी घ्यायची आहे त्याच जातीची. सेल्फ ड्राइव्हवाल्या कायदेशीर गाडीची नंबर प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात, कोणी पांढऱ्या प्लेटची घरची गाडी भाड्यानं देऊन राहिला असेल तर घेऊ नका, ठोकली तर इन्शुरन्स हात वर करेल. मित्राकडं तशी गाडी असेल तर आणखी चांगलं, दोन दिवस अदलाबदल करा, त्याच्या घरचे तुमच्या डिकीवर खूश होतील.

आणि ती गाडी फुटाळ्याला फिरवायला नेऊ नका, रोजचीच कामं करा. तुमच्या गल्लीत वळवा, महाल-इतवारीत राहत असाल तर हीच खरी परीक्षा. घरच्या गेटमधून आत घाला, उतारावर खाली घासते का पाहा. आईला पुढं बसवा, मावशीला मागं. ज्या गाड्या चालवायला मस्त त्या बहुतेक खाली बसलेल्या असतात, आणि पासष्टीच्या पुढच्या माणसाला त्यातून उठताना दाराला धरून दोनदा झोका घ्यावा लागतो, हे एकदा पाहिलं की निर्णय आपोआप थोडा शहाणा होतो.

दोन दिवसांनी जुन्या गाडीत परत बसा. तेव्हा जे पहिलं मनात येईल ते लिहून ठेवा. काहींना वाटतं अरे ही तर आपलीच बरी. काहींना चावी फिरवायचीही इच्छा होत नाही. दोन्ही उत्तरं चालतील.

पायरी ४: जुनी गाडी वर्षभर काय काय करते

एक कागद घ्या, मागच्या वर्षाची कामं लिहा. शाळा, भाजी, दवाखाना, वर्धेला सासुरवाडी, रामटेक, एखादं ताडोबा, दोन लग्नं, किराणा, भावाच्या घराचं सामान शिफ्टिंग. प्रत्येक कामापुढं लिहा की नवी गाडी हे करेल का, आणि नाही तर कोण करेल. सातव्या सीटसाठी म्हणून मोठी गाडी ठेवणारे खूप आहेत, आणि सातवी सीट वर्षात लग्नसराईलाच भरते. त्या चार-सहा दिवसांसाठी टॅक्सी करणं कितीतरी स्वस्त पडतं. पण घरात व्हीलचेअर असेल, डायलिसिसला नेणं-आणणं असेल, नाहीतर दुकानाचा माल जात असेल तर टॅक्सीचं गणित चालत नाही, तिथं गाडी ठेवाच, मजेचं दुसरं काही बघू.

इथंच घरी बोला. बायकोला किंवा नवऱ्याला बुकिंगच्या आदल्या दिवशी सांगणं हा नागपुरी बहादुरपणा सोडा राजेहो.

पायरी ५: हिशोब

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका. धरा जुनी साडेतीन लाखाला गेली, नवी ऑन रोड बारा लाखाची. वरचे साडेआठ लाख कर्जानं, ९ टक्के, ५ वर्षं. लाखाला महिना २,०७६ रुपये पडतात, म्हणजे हप्ता साधारण १७,६५०. पाच वर्षांत भरले १०.५९ लाख, व्याजच दोन लाखाच्या वर. हा महिन्याचा सतरा हजार सहाशे म्हणजे "मजे"ची किंमत, तीही इन्शुरन्स आणि पेट्रोलचा वाढीव खर्च सोडून.

नव्या गाडीत काही पैसा तर दारातच जातो. महाराष्ट्रात खाजगी पेट्रोल कारला १० लाखापर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखाला १२, त्याच्या वर १३ टक्के रोड टॅक्स आहे, डिझेलला दोन टक्के जास्त. दहा लाखाच्या पेट्रोल गाडीवर एक लाख दहा हजार रुपये आरटीओला गेले ते गेले, विकताना कोणी परत देत नाही. आणि किमतीची मोठी घसरण पहिल्या पाच वर्षांत होते, इन्शुरन्सच्या आयडीव्हीच्या (म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) तक्त्यातही पाचव्या वर्षी घसारा ५० टक्के धरलेला आहे. तुमच्या जुन्या गाडीनं ती घसरण सोसून झालीय, आता ती सावकाश उतरेल, म्हणून आर्थिक बाजूनं जुनी ठेवणं जवळपास नेहमीच जिंकतं. हे मान्य करूनच पुढं जा, उगाच "सर्व्हिसचा खर्च वाढला म्हणून विकतो" असं स्वतःला समजावू नका. मजेसाठी पैसे देऊन राहिलो हे माहीत असलं की दिलेले पैसे टोचत नाहीत.

एक टेस्ट करा, मला ही फार आवडते. बुकिंगच्या आधी चार महिने तो हप्ता दर महिन्याला आरडीत टाका. चौथ्या महिन्यात घर व्यवस्थित चाललं आणि बाहेर फिरायला जायचे पैसेही उरले तर घ्या. हप्त्यापायी पचमढीची ट्रिप रद्द होत असेल तर चालवायला मजेदार गाडी घेऊन ती पार्किंगमध्येच उभी राहणार.

तिसरा मार्ग पण आहे, जुनी ठेवायची आणि सोबत एखादी जुनी, छोटी, चालवायला मस्त सेकंडहँड हॅचबॅक नाहीतर बाइक घ्यायची. मनीष नगर, त्रिमूर्ती नगरसारख्या भागात प्लॉटवरची घरं आहेत, कंपाउंडमध्ये जागा निघते, तिथं हे जमतं. फ्लॅटमध्ये एकच पार्किंग असेल तर नाद सोडा. दोन इन्शुरन्स, दोन पीयूसी, आणि जी कमी चालते तिची बॅटरी नेमकी सोमवारी उतरलेली. समृद्धीवर बाइकला बंदी आहे हेही लक्षात असू द्या, लांबच्या राइडची स्वप्नं पाहायच्या आधी.

पायरी ६: विकायचं ठरलं, आता भाव

आधी वेळ. पितृपक्षात गिऱ्हाईक मिळत नाही, मिळालं तर भाव पाडून मागतं. नवरात्र-दसऱ्याच्या आधी जाहिरात टाका. डिसेंबरात विकणार असाल तर जानेवारी यायच्या आत संपवा, एक तारखेला गाडी घेणाऱ्याच्या डोक्यात एक वर्षानं म्हातारी होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नवीन स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली येतो, तेव्हा शेजाऱ्याला त्याच्या आधी काय मिळाले होते तो आकडा डोक्यातून काढून टाका. तुमची डिझेल असेल आणि कोणी "दहा वर्षाच्या वर बंदी आहे" म्हणून भाव पाडत असेल तर सांगा, तो विषय दिल्ली-एनसीआरचा आहे, नागपूरच्या एमएच ३१, ४० किंवा ४९ चा नाही. आपल्याकडं नोंदणी पंधरा वर्षांची, मग फिटनेस करून नूतनीकरण.

भाव तीन ठिकाणी विचारा: ऑनलाइन गाड्या घेणारी कंपनी, एक डीलर, आणि शोरूमची एक्स्चेंज किंमत. मग स्वतः जाहिरात टाकून थेट गिऱ्हाईक शोधायचं का ते ठरवा. थेट विकलं तर जास्त मिळतात पण महिनाभर रोज संध्याकाळी अनोळखी माणसं घरी येणार, आणि त्यातले अर्धे नुसते टाइमपास. वीस-पंचवीस हजारांचाच फरक असेल तर मी म्हणेन डीलरला देऊन मोकळे व्हा.

जो खरा घेणारा असतो तो रंगाकडं पाहत नाही. तो दार उघडतो, दाराच्या कडेचं काळं रबर बोटानं ओढून खालचे वेल्डिंगचे ठिपके पाहतो, ते सारखे नसले तर गाडी कधीतरी बाजूनं ठोकलेली. मग बॉनेट उघडून बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा पाहतो. आणि २०२३ नंतर नागपुरातला जाणकार गिऱ्हाईक आणखी एक गोष्ट करतो, सीट बेल्ट शेवटापर्यंत ओढून पाहतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, धरमपेठ, बर्डीच्या भागात घुसलं, कित्येक गाड्या पाण्याखाली गेल्या. सीट, मॅट, कव्हर सगळं धुऊन चकाचक करता येतं, पण बेल्टचा आत गुंडाळलेला शेवटचा हात-दीड हात कोणी धूत नाही, तिथं मातीची रेष राहते. तुमची गाडी त्या दिवशी कोरडी होती आणि त्या भागातला पत्ता आरसीवर असेल तर हे स्वतःच ओढून दाखवा, भाव टिकतो. पाण्यात गेली होती तर सांगून विका, क्लेम घेतला असेल तर तसाही रेकॉर्डला सापडेल.

पॉलिश, डेंटिंगवर पैसे घालू नका. आतून स्वच्छ, दोन्ही चाव्या, सर्व्हिसचं पुस्तक आणि बिलं एका फाइलमध्ये, बस. दुसरी चावी नसली की घेणारे लगेच पैसे कापतात.

पायरी ७: कागद, इथं आळस नको

गाडी विकताना लोक पैसे मिळाले की विसरतात. कायद्याच्या नजरेत आरसीवर ज्याचं नाव तो मालक. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हेच स्पष्ट केलं, गाडी पुढं दोन-चार हात फिरली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात येऊ शकते. म्हणून "नाव नंतर करून घेतो काका" या वाक्यावर गाडी देऊ नका, मग समोरचा जावयाचा मित्र असला तरी.

कामं अशी. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवा. सगळी चालानं भरून टाका. २०१९ च्या १ एप्रिलच्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट लावलेली पाहिजे, नाहीतर आरटीओत काम अडतं. पीयूसी चालू ठेवा. मग फॉर्म २९, ही मालकी बदलाची सूचना, आणि फॉर्म ३०, हा नाव बदलायचा अर्ज. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० मध्ये आहे. नागपूरची गाडी छिंदवाडा, शिवनीकडं खूप जाते, तसं गिऱ्हाईक असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागेल, ती निघेपर्यंत गाडी तुमच्या दारात.

कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नका, एजंट कितीही "सबका ऐसाच होता है" म्हणो. डीलरला देत असाल तर विचारा की आरटीओचं ऑथरायझेशन आहे का, एप्रिल २०२३ पासून अशा अधिकृत डीलरकडं गाडी दिली की फॉर्म २९सी भरून ऑनलाइन कळवता येतं आणि मग गाडीची जबाबदारी त्याच्यावर जाते. आणि बरेचदा ट्रान्सफर होईपर्यंत तुमच्याच पैशातली थोडी रक्कम रोखून धरायचं कलम डीलर घालतो, ते वाचून सही करा.

पैसे: खात्यात दिसल्याशिवाय चावी नाही. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नाहीत, एसएमएसही नाही, बँकेचं ॲप उघडून पाहा. रोखीनं २ लाख किंवा जास्त घेऊ नका, इन्कम टॅक्सच्या कायद्यात रोख पैसे घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, तेवढाच दंड आहे. आधारची झेरॉक्स देताना त्यावर आडवं लिहा, फक्त अमुक नंबरच्या गाडीच्या विक्रीसाठी, तारीख टाका.

डिलिव्हरी नोट साध्या कागदावरही चालते, पण तारीख आणि वेळ, मिनिटासकट, दोघांच्या सह्या, ओडोमीटरचा आकडा, आणि घेणाऱ्याचा लायसन्स नंबर. सायंकाळी सहा दहाला दिली आणि सात वाजता त्यानं कामठी रोडला सिग्नल तोडला तर हा कागद कामाला येतो.

इन्शुरन्समध्ये नवशिके पैसे सोडून देतात. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो, क्लेम न घेता २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो. विकल्यावर कंपनीकडून त्याचं पत्र मागा, तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीच्या पॉलिसीला लावता येतो. ५० टक्के असेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियममध्ये चांगली रक्कम वाचते, आणि शोरूमवाला स्वतःहून कधी विचारत नाही. घेणाऱ्यानं १४ दिवसांत पॉलिसी त्याच्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो, त्याला तेही सांगून ठेवा.

फास्टॅग ज्या बँकेचा आहे तिथं बंद करा. नाही केला तर गाडी घेणारा बोरखेडीच्या टोलवरून जाईल आणि पैसे तुमचे कटतील, आणि त्याला त्याच नंबरवर नवीन टॅगही निघणार नाही, मग तोच रोज फोन करेल. टोलचा वार्षिक पास काढला असेल तर तो गाडीच्या नंबरला बांधलेला असतो, नव्या गाडीवर नेता येत नाही, म्हणून विकायच्या बेतात असताना काढूच नका. डॅशकॅमचं कार्ड, गाडीच्या ॲपमधलं लॉगिन, ब्लूटूथला सेव्ह झालेली फोनबुक हेही काढा.

दर आठवड्याला परिवहनच्या साइटवर नंबर टाकून पाहत राहा. नवीन नाव दिसलं की त्या पानाचा फोटो काढा आणि डिलिव्हरी नोटसोबत एकाच फाइलमध्ये ठेवा, दोन-तीन वर्षं तरी रद्दीत देऊ नका.